जीवाश्म स्कॅलप कसा ओळखायचा? चेसापेक्टेन जेफरसोनियस आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधली मराठी मंडळी सुट्टीत जेम्स नाहीतर यॉर्क नदीच्या काठी जातात, पोरांच्या हाती एखादा जाडजूड शिंपला लागतो आणि फोटो येतो: "हा कुठला?" पुण्या-मुंबईतून येणारे प्रश्न वेगळे असतात. तिथले विद्यार्थी वर्णन कसं लिहायचं ते विचारतात. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून मुद्दाम एकच प्रजाती धरली आहे, कारण शिंपल्यांबद्दल मोघम बोलून कोणालाच शिंपला ओळखता येत नाही. इथे 'प्रजाती' हा शब्द स्पीशीज या अर्थी वापरला आहे आणि जीनसला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) जीनसच म्हटलं आहे. शिंपल्याच्या दोन बाजूंपैकी एकेकीला 'शिंप' म्हटलं आहे.

प्र. १. स्कॅलप म्हणजे नक्की काय? तिसऱ्या, कालवं यांच्यापेक्षा तो वेगळा कसा?

तिसऱ्या आणि कालवांसारखाच तोही दोन शिंपांचा मृदुकाय प्राणी. त्याचं कुळ पेक्टिनिडी. गोलसर पंख्यासारखा आकार, चोचीपासून (बिजागरीकडच्या टोकापासून) कडेपर्यंत पसरलेल्या फासळ्या आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना चपटे 'कान' ही त्याची ठेवण. शेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरचं चिन्ह स्कॅलपचंच आहे, त्यामुळे आकार सगळ्यांच्या नजरेतला असतो. आत पाहिलं तर तिसरीत स्नायूंचे दोन ठसे दिसतात आणि स्कॅलपमध्ये एकच, पण मोठा. हा स्नायू शिंपा फटकन मिटतो आणि त्या जोरावर अनेक स्कॅलप पाण्यात उड्या मारत पोहतात.

प्र. २. एवढ्या स्कॅलपांमधून चेसापेक्टेन जेफरसोनियसच का?

एकतर तो मिळतो मुबलक, आकाराने मोठा असतो आणि नवख्या माणसालाही हातात धरून त्याचे अवयव नीट पाहता येतात. दुसरं म्हणजे त्याचा इतिहास. मार्टिन लिस्टर या इंग्रज डॉक्टरने १६८७ मध्ये व्हर्जिनियातल्या अशा शिंपल्याचं चित्र छापलं. उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्माचं छापलेलं पहिलं चित्र म्हणून ते सांगितलं जातं. पुढे जॉन फिंच यांनी यॉर्कटाउनच्या आसपास गोळा केलेले शिंपले फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये पोचले आणि तिथल्या थॉमस से यांनी १८२४ मध्ये या प्रजातीला 'पेक्टेन जेफरसोनियस' असं नाव दिलं. ज्यांच्या सन्मानार्थ ते दिलं ते थॉमस जेफरसन तेव्हा हयात होते. १९९३ मध्ये व्हर्जिनियाने त्याला राज्याचा जीवाश्म ठरवलं.

प्र. ३. शिंपला हातात आला. आता त्यात पाहायचं काय काय?

आधी तो बिजागरी वर येईल असा धरा. वरच्या टोकाला चोच असते, म्हणजे शिंपला जिथून वाढायला लागला ती जागा. चोचीच्या दोन्ही बाजूंना कान आणि कानांच्या वरच्या कडेने गेलेली सरळ बिजागरीची रेषा. बिजागरीच्या आतल्या बाजूला मधोमध एक तिकोनी खळगा दिसतो. जिवंतपणी त्यात लवचीक गादी असायची, स्नायू ढिला पडला की ती शिंपा उघडायची. या बिजागरीला अर्क शेल किंवा कॉकल या दुसऱ्या फासळीदार शिंपल्यांसारखे दात नसतात.

मग फासळ्या. त्यांची संख्या हे तर सगळेच पाहतात, पण फासळीचा छेद चौकोनी आहे की गोल, उंच आहे की सखल, मधली पन्हळ फासळीपेक्षा रुंद आहे की अरुंद, हेही तितकंच कामाचं. त्यानंतर भिंग घ्या. फासळ्यांवर आणि पन्हळींत बारीक रेषा आहेत का? त्या रेषांवर खवले आहेत का? चेसापेक्टेनचा पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो तो या खवल्यांमुळे. फासळ्यांना आडव्या जाणाऱ्या, कडेला समांतर रेषा वाढीच्या असतात.

सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी जागा म्हणजे उजव्या शिंपेच्या पुढच्या कानाखालची खाच. तिला बायसल खाच म्हणतात. लहानपणी स्कॅलप दगडाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला चिकटून राहायला धागे सोडतो, त्या धाग्यांना बाहेर यायला ही वाट. खाचेच्या खालच्या काठावर बारीक दातांची एक ओळ असते, तिचं नाव टेनोलियम. टेनोलियम ही पेक्टिनिडी कुळाचीच खूण मानली जाते. काही प्रजातींत मोठेपणी ती बुजते, म्हणून चोचीजवळचा जुना भागही तपासायचा.

प्र. ४. डावी शिंप कुठली आणि उजवी कुठली, हे कसं कळतं?

बायसल खाच ज्या शिंपेत, ती उजवी. शिंप बाहेरून पाहत असाल आणि बिजागरी वर असेल, तर उजव्या शिंपेची खाच तुमच्या उजव्या हाताला येते. डाव्या शिंपेचा पुढचा कान तुमच्या डाव्या हाताला येतो आणि त्याखाली अशी खोल खाच नसते. आतून पाहिलं की हे सगळं उलटं होतं. फोटो पाठवताना आतून काढला की बाहेरून, एवढं लिहिलं तर आमचा निम्मा पत्रव्यवहार वाचेल.

कान तुटलेले असतील तर पंचाईत होते. फुगवट्यावरून अंदाज करता येतो, पण तो सगळ्या स्कॅलपांना सारखा लागू पडत नाही. खऱ्या पेक्टेन जीनसमध्ये उजवी शिंप खोलगट आणि डावी जवळजवळ सपाट. चेसापेक्टेनमध्ये दोन्हींना फुगवटा असतो, म्हणून तिथे ही युक्ती फारशी चालत नाही.

प्र. ५. फासळ्या मोजल्या तर दर वेळी वेगळा आकडा येतो. नेमकं मोजायचं कसं?

मुख्य फासळ्याच मोजायच्या, म्हणजे चोचीजवळ सुरू होऊन खालच्या कडेपर्यंत गेलेल्या. त्यांच्यावरच्या बारीक रेषा या मोजणीत धरायच्या नाहीत. मोजणी कडेजवळ करा आणि शिंपल्याच्या मध्यावर पुन्हा एकदा पडताळून पाहा. चेसापेक्टेनमध्ये मुख्य फासळ्या लहानपणीच ठरतात आणि वाढताना फक्त रुंद होतात, त्यामुळे दोन्हीकडचा आकडा जुळायला हवा. काही इतर स्कॅलपांमध्ये वाढताना फासळ्या दुभंगतात किंवा मध्ये नव्या उगवतात. तिथे दोन जागचे आकडे वेगळे आले, तर तो फरकच एक लक्षण म्हणून नोंदवायचा.

गोंधळ होतो तो बहुधा दोन्ही टोकांना. कानाला लागून असलेली शेवटची फासळी अर्धवट उठलेली असते. ती धरायची की सोडायची हा वाद घालू नका. "१० आणि मागच्या बाजूला १ अस्पष्ट" असं लिहा, वाचणारा काय ते ठरवेल.

आणखी एक गोष्ट. मिटलेल्या स्कॅलपमध्ये एका शिंपेची फासळी समोरच्या शिंपेच्या पन्हळीत बसते. म्हणून एकाच प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या शिंपेवरचे आकडे एकने वेगळे येऊ शकतात. यात चूक कोणाचीच नसते, मात्र कुठल्या शिंपेवर मोजलं ते लिहायला हवं.

प्र. ६. मापं कुठली घ्यायची? फुटपट्टी चालेल का?

कडा गोल असल्यामुळे फुटपट्टीने माप हलतं, साधं व्हर्नियर कॅलिपर घ्या. उंची म्हणजे चोचीपासून समोरच्या कडेपर्यंत, बिजागरीला काटकोनात. लांबी म्हणजे पुढून मागे सगळ्यात जास्त अंतर, बिजागरीला समांतर. बोलीभाषेत आपण जिला रुंदी म्हणू तिला इथे लांबी म्हणतात, हे एकदा डोक्यात पक्कं करून ठेवा. एका शिंपेचा फुगवटा, बिजागरीच्या रेषेची लांबी, पुढच्या आणि मागच्या कानाची लांबी वेगवेगळी आणि खाचेची खोली ही बाकीची मापं. चोचीशी दोन्ही खांद्यांमध्ये, म्हणजे कानांखालच्या तिरक्या कडांमध्ये, होणारा कोन फोटोवर कोनमापक ठेवून घेता येतो.

एकाच शिंपल्याच्या मापांवरून प्रमाण सांगू नका. स्कॅलपचा आकार वाढीबरोबर बदलतो, त्याबद्दल प्र. ११ पाहा.

प्र. ७. मग माझा शिंपला जेफरसोनियसच आहे, हे कशावरून ठरवू?

जेफरसोनियसची ओळख अशी: मोठा आणि जड शिंपला, वाढलेला असेल तर १० सेंटिमीटरहून मोठा सहज मिळतो. मुख्य फासळ्या ९ ते १२, रुंद आणि ठळक. फासळ्यांवर आणि पन्हळींत खवल्यांच्या बारीक रेषा. दोन्ही शिंपांना फुगवटा. बायसल खाच उथळ. आणि थर? यॉर्कटाउन फॉर्मेशनचा (फॉर्मेशन म्हणजे नाव दिलेला थरांचा गट) खालचा भाग, ज्याला सनकेन मेडो मेंबर म्हणतात, काळ प्लायोसीन या भूशास्त्रीय कालखंडाचा सुरुवातीचा.

घोळ होतो तो मॅडिसोनियसशी. त्याचंही नाव से यांनी त्याच १८२४ च्या लेखात दिलं आहे. चेसापेक्टेन मॅडिसोनियसला फासळ्या जास्त, म्हणून त्या अरुंद आणि दाट वाटतात, आणि तो यॉर्कटाउनच्या वरच्या थरांत येतो. चेसापेक्टेन सेप्टेनेरियसही वरच्याच थरांतला, पण त्याच्या फासळ्या कमी, सातच्या आसपास, उंच आणि एकमेकींपासून सुट्या. तो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

खालच्या बाजूला, म्हणजे आधीच्या काळात, ईस्टओव्हर फॉर्मेशनमध्ये चेसापेक्टेन मिडलसेक्सेन्सिस येतो. हा मायोसीनच्या, म्हणजे प्लायोसीनच्या आधीच्या कालखंडाच्या, शेवटचा. त्याची बायसल खाच जेफरसोनियसपेक्षा खोल असते. आणखी मागे मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सकडे गेलात तर सेंट मेरीज फॉर्मेशनमध्ये सांतामारिया, चोपटँकमध्ये नेफ्रेन्स आणि कॅल्व्हर्ट फॉर्मेशनमध्ये कॉकिमेलस. हे सगळे एकाच जीनसचे. थर जसजसा वर जातो तसतशी खाच उथळ होत जाते. याचा सरळ अर्थ असा लावतात की मोठेपणी धाग्यांनी चिकटून राहण्याची सवय या वंशात हळूहळू सुटली.

त्यामुळे आमचा सल्ला ठाम आहे: आधी थर, मग खाच आणि कान, मग पृष्ठभाग आणि शेवटी फासळ्यांचा आकडा. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात आणि आकड्यावरच थांबतात. १२ फासळ्यांचा एकटा शिंपला नुसत्या आकड्यावरून कोणालाच सांगता यायचा नाही.

प्र. ८. माझा शिंपला मोठा आहे, पण फासळ्याच दिसत नाहीत. घासून गेल्या असतील का?

घासलेला शिंपला जाडच राहतो आणि आतल्या कडेला पन्हळी दिसतात. तुमचा पातळ, चपटा आणि बाहेरून अगदी बारीक रेषांचा असेल, तर तो प्लॅकोपेक्टेन क्लिंटोनियस असण्याची शक्यता मोठी. तोही से यांनीच १८२४ मध्ये नाव दिलेला, आणि जेफरसोनियसच्याच खालच्या यॉर्कटाउन थरात मिळणारा. आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून बाजारात येणारा मोठा समुद्री स्कॅलप याच जीनसचा. सखल, गोलसर, भरपूर फासळ्या आणि खवले अजिबात नाहीत असा मध्यम शिंपला असेल तर इबोरियसकडे वळा. त्याला जुन्या लेबलांवर अर्गोपेक्टेन आणि नव्या यादीत कॅरोलिनापेक्टेन अशी दोन जीनस-नावं दिसतील.

प्र. ९. स्कॅलप समजून भलतंच काही उचलतोय का, हे कसं तपासू?

फासळ्या दिसल्या की आपण स्कॅलप म्हणून मोकळे होतो. अर्क शेललाही फासळ्या असतात, पण त्याच्या बिजागरीवर दातांची लांब ओळ असते. कॉकलला कान नसतात आणि आत स्नायूंचे दोन ठसे असतात. लायमा या दुसऱ्या शिंपल्याला छोटे कान असतात, पण शिंपला तिरका असतो आणि टेनोलियम नसतं. ब्रॅकिओपॉड तर शिंपल्यांच्या गटातलाच नव्हे. त्याची एकेक बाजू मधोमध दुमडली तर दोन्ही अर्ध्या सारख्या येतात, पण वरची आणि खालची बाजू एकमेकींसारख्या नसतात. स्कॅलपमध्ये फसगत होते ती यामुळेच, कारण तोही बऱ्यापैकी सममित दिसतो. कानांची लांबी आणि खाच पाहा, पुढची आणि मागची बाजू वेगळी आहे हे लगेच कळतं.

प्र. १०. शेजारच्या थरांतले बाकी सगळे शिंपले पिठासारखे भुगा होतात आणि स्कॅलप मात्र टणक निघतो. असं का?

स्कॅलपचं कवच बहुतांशी कॅल्साइटचं असतं. अनेक तिसऱ्या आणि शंख अरॅगोनाइटचे. रासायनिक घटक एकच, स्फटिकांची रचना वेगळी, आणि जमिनीतल्या पाण्यात अरॅगोनाइट आधी विरघळतं. म्हणून काही थरांत फक्त स्कॅलप आणि कालवं शिल्लक राहतात. त्यावरून "इथे पूर्वी दुसरे प्राणीच नव्हते" असा निष्कर्ष काढला तर तो फसवा ठरतो.

प्र. ११. लहान पिल्लू-शिंपला कुठल्या प्रजातीचा ते कसं सांगायचं?

अवघड आहे. लहानपणी सगळ्याच चेसापेक्टेनांना खाच मोठी वाटते, कारण त्या वयात ते धाग्यांनी चिकटलेले असत. शिंपला वाढतो तसे उंची-लांबीचं प्रमाण आणि कानांचा आकार बदलतो. म्हणून पिल्लाची तुलना मोठ्या शिंपल्याशी करायची नाही. मोठ्या शिंपल्यावरच त्याच आकाराची वाढीची रेषा शोधा. ती रेषा म्हणजे त्या प्राण्याची त्या वयातली कड, तिथली ठेवण पिल्लाशी ताडून पाहा. फासळ्यांचा आकडा मात्र पिल्लावरही तोच असतो, हा त्यातल्या त्यात आधार.

प्र. १२. वाढीच्या रेषा मोजून वय सांगता येतं का?

नुसत्या डोळ्याने नाही. हिवाळा, वादळ, जखम, उपासमार, कशानेही वाढ थांबून ठळक रेषा पडते. कवचाच्या ओळीने घेतलेल्या नमुन्यांत ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं तर पाण्याच्या तापमानाची ऋतूप्रमाणे चढउतार दिसते आणि त्यावरून वर्षं मोजता येतात. हे काम प्रयोगशाळेतलं.

प्र. १३. शिंपल्यावर भोकं आहेत आणि खडबडीत काहीतरी चिकटलंय. ते खरवडून काढू का?

कृपया नको! खडबडीत गोल चकत्या बहुधा बार्नेकल्सच्या (कशालाही चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी समुद्री प्राण्यांच्या), आणि बारीक खोलगट पेल्यांचा पुंजका असेल तर तो प्रवाळ असू शकतो. चेसापेक्टेनच्या अंगावर अस्ट्रांजिया नावाचं प्रवाळ नेहमी आढळतं. गाळणीसारखी बारीक भोकं बहुतेक वेळा पोखरणाऱ्या स्पंजांची. या पाहुण्यांवरून बरंच काही कळतं. शिंपेच्या आतल्या बाजूला बार्नेकल चिकटलं असेल, तर प्राणी मेल्यावर, शिंप उघडी पडल्यावर ते बसलं हे उघड आहे. बाहेरून चिकटलेलं मात्र जिवंतपणीचंही असू शकतं.

स्वच्छ करायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही लावू नका. आम्लाने कॅल्साइट विरघळतं आणि सगळ्यात आधी खवले जातात. जे लक्षण पाहायचं तेच धुऊन टाकलं, असा प्रकार होतो. तडा गेलेला शिंपला धुण्याआधी पूर्ण वाळू द्या.

प्र. १४. दगडात शिंपल्याचा फक्त ठसा आहे. चालेल?

आधी ठसा बाहेरचा की आतला ते पाहा. बाहेरच्या ठशात फासळ्या उलट्या, म्हणजे खोलगट दिसतात आणि खवल्यांच्या खुणाही कधीकधी मिळतात. मॉडेलिंग क्लेने किंवा लॅटेक्सने त्याचा साचा काढला की मूळ पृष्ठभाग हाती येतो. आतल्या ठशात कवचाच्या आतल्या बाजूची नक्कल असते, म्हणून फासळ्या मोजता येतात, स्नायूचा ठसाही दिसू शकतो, पण बारीक नक्षी मिळत नाही. आतल्या ठशावर जीनसच्या पुढे जायचा मोह आवरा.

प्र. १५. नावापुढे "(से, १८२४)" असं कंसात लिहितात, कधी कंस नसतो. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. से यांनी नाव दिलं तेव्हा प्रजाती पेक्टेन या जीनसमध्ये होती. पुढे अनेक वर्षं ती क्लॅमिस किंवा लायरोपेक्टेनमध्येही धरली जायची आणि जुन्या संग्रहांच्या लेबलांवर ती नावं अजून दिसतात. लॉक वॉर्ड आणि ब्लेक ब्लॅकवेल्डर यांनी १९७५ मध्ये चेसापेक्टेन हा नवा जीनस उभा केला. प्रजातीचं नाव देणाऱ्याने जो जीनस वापरला तो आता बदलला असेल, तर त्याचं नाव आणि वर्ष कंसात जातं. नेफ्रेन्सचं नाव वॉर्ड आणि ब्लॅकवेल्डर यांनीच, थेट चेसापेक्टेनमध्ये दिलं, म्हणून तिथे कंस नाही.

प्र. १६. वर्णन लिहायचं आहे. एखादा नमुना द्याल का?

वर्णनात क्रम ठरलेला असतो: आकारमान आणि बाह्यरेषा, फुगवटा, फासळ्या, बारीक नक्षी, कान आणि खाच, मग आतली बाजू. वाक्यं तुटक चालतात. उदाहरणार्थ, एका काल्पनिक उजव्या शिंपेचं असं:

"शिंप मोठी, जाड, बाह्यरेषा जवळजवळ गोल, लांबी उंचीपेक्षा किंचित जास्त. फुगवटा मध्यम. मुख्य फासळ्या १०, रुंद, माथा सपाटसर. पन्हळी फासळ्यांहून अरुंद. फासळ्या आणि पन्हळी दोन्हींवर खवलेदार बारीक रेषा. पुढचा कान मागच्यापेक्षा मोठा, त्याखालची खाच उथळ. टेनोलियम बुजलेलं. आत स्नायूचा एकच ठसा, मोठा. कडेजवळ पन्हळी स्पष्ट."

यात "सुंदर", "वैशिष्ट्यपूर्ण", "नेहमीसारखा" असे शब्द नाहीत. "नेहमीसारखा" हा त्यातला सगळ्यात घातक, कारण वाचणाऱ्याने तुमचं नेहमीचं पाहिलेलं नसतं. जे लक्षण पाहायला मिळालं नाही तेही लिहा: "मागचा कान तुटलेला." वर्णनाखाली तुलनेचा परिच्छेद वेगळा, आणि त्यात जवळच्या प्रजातींपासून फरक सांगायचा. वर्णन आणि तुलना यांची सरमिसळ ही विद्यार्थ्यांच्या लेखनातली नेहमीची अडचण.

प्र. १७. माझा शिंपला कुठल्याच वर्णनात बसत नाही. नवी प्रजाती असेल का?

बहुधा नाही. आधी घासलेला, तुटलेला, जखम होऊन वाकडा वाढलेला किंवा पिल्लू (प्र. ११) या शक्यता तपासा. नव्या प्रजातीसाठी एक वेगळा शिंपला पुरत नाही. एकाच थरातले पुष्कळ नमुने हवेत, म्हणजे आपसातला फरक किती आणि शेजारच्या प्रजातीपासून किती हे दिसतं. नाव छापताना एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार, म्हणून ठरवावा लागतो आणि तो सर्वांना पाहता येईल अशा संग्रहालयात ठेवायला हवा. घरातल्या कपाटात ठेवलेल्या होलोटाइपचा कोणाला उपयोग नाही.

प्र. १८. दोन प्रजातींच्या मधला वाटणारा नमुना मिळाला. काय लिहू?

वंश काळाप्रमाणे हळूहळू बदलत गेला असेल तर मधले नमुने मिळणारच. एका नमुन्याला जबरदस्तीने नाव चिकटवण्यापेक्षा त्याच थरातले मिळतील तितके शिंपले मोजा आणि फासळ्या व खाचेची खोली यांचा पसारा पाहा. बहुतेक नमुने ११ भोवती आणि एखादाच १३ वर असेल, तर तो १३ वाला त्याच प्रजातीतला असण्याची शक्यता जास्त. नाव निश्चित नसेल तर "चेसापेक्टेन cf." (cf. म्हणजे 'ताडून पाहा') ऐवजी मराठीत सरळ "चेसापेक्टेन, जेफरसोनियससारखा" असं लिहायला हरकत नाही.

प्र. १९. जागा नोंदवायची म्हणजे किती बारकाईने? "व्हर्जिनिया" पुरेसं नाही?

नाही. नदीचं नाव, काठ कुठला, अक्षांश-रेखांश, आणि शिंपला थरात रुतलेला मिळाला की खाली वाळूत पडलेला. वाळूत पडलेल्या शिंपल्याचा थर सांगता येत नाही, कारण एकाच कड्यातून दोन-तीन थरांतले शिंपले गळून एकत्र येतात. बागेत सजावटीला टाकलेले शिंपले तर कुठून ट्रकने आले हे देवच जाणे. त्याच दिवशी लेबल लिहा आणि शिंपल्याबरोबरच ठेवा.

प्र. २०. तिथून शिंपले उचलून आणले तर चालतं का?

जागेवर अवलंबून आहे. यॉर्कटाउनचे कडे ज्यात येतात त्या कलोनियल नॅशनल हिस्टॉरिकल पार्कसारख्या राष्ट्रीय उद्यानांत जीवाश्म उचलायला मनाई आहे, सुटा पडलेलाही चालत नाही. राज्याच्या उद्यानांचे नियम वेगवेगळे आहेत, जाण्याआधी कार्यालयात विचारा. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्या. मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये कड्यांच्या खाली जायला बंदी आहे, कारण ते कोसळतात. मुलं बरोबर असतील तर हा नियम शिंपल्याहून महत्त्वाचा.

प्र. २१. महाराष्ट्रात असे जीवाश्म स्कॅलप मिळतात का?

दख्खनचा पठारी भाग लाव्ह्याचा. लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणारे शंख मुख्यतः गोड्या पाण्यातले, आणि स्कॅलप समुद्रातला. त्यामुळे सह्याद्रीत स्कॅलप शोधणं फुकट. मराठी विद्यार्थ्याला जवळ पडेल ते कच्छ. तिथल्या मायोसीन थरांत, खारी नदी आणि छासरा फॉर्मेशनमध्ये, पेक्टिनिडी मिळतात. कच्छच्या या काळातल्या शिंपल्यांची जुनी वर्णनं सोवर्बी यांनी १८४० मध्ये केली, कॅप्टन ग्रँट यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून. तमिळनाडूत अरियलूर भागातल्या क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातल्या, थरांत निथिया हा स्कॅलप मिळतो. त्याच्या ठळक फासळ्यांच्या मध्ये बारीक फासळ्या असतात आणि उजवी शिंप खोलगट, डावी सपाट असते.

इथे सांगितलेली पद्धत तिथेही तशीच चालते. प्रजातींची नावं मात्र इथली लावू नका. कच्छमधल्या १० फासळ्यांच्या शिंपल्याला जेफरसोनियस म्हणून पाठवलेले फोटो आमच्याकडे येतात.

प्र. २२. ओळखीसाठी फोटो कसे पाठवू?

एकाच शिंपेचे चार: बाहेरून समोर, आतून समोर, बाजूने फुगवटा दिसेल असा, आणि कान व खाच यांचा जवळून. प्रत्येकात मोजपट्टी. नाण्याने आकाराचा अंदाज येतो, पण नाणी देशागणिक वेगळी, म्हणून पट्टीच बरी. उजेड एका बाजूने, तिरका पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की खवले पुसल्यासारखे होतात. पार्श्वभूमी काळी किंवा करडी. तळहातावर ठेवून काढलेल्या फोटोत कान हमखास बोटांआड जातात आणि मग आम्हाला प्र. ४ पासून सुरुवात करावी लागते.